एकदा ओढून बघायला काय जातं!

जी वस्तू आपल्या जागी घट्ट बसलेली असते तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आणि कोणी बघत नाही म्हणूनच ती घट्ट बसली आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसतं. मनुष्यजातीच्या बहुतेक काळज्यांचं मूळ इथे आहे. (उरलेल्या काळज्या गॅस बंद केला होता का, याच्या.)

सार्वजनिक ग्रंथालयाच्या घरपोच सेवेतली सायकलताई हे तत्त्व न शिकताच नोकरीला लागली होती. ज्यांना जिना उतरवत नाही अशा वाचकांना ती सायकलवरून पुस्तकं पोचवायची. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक बॅग. वरचे दोन आकडे दांडीत अडकवायचे, लवचीक दोरीचा खालचा आकडा ताणून चाकाजवळच्या कडीत घालायचा, पट्टा आवळायचा, की झालं. दीड मिनिटाचं काम. अकरा वर्षांत एकही बॅग पडली नाही, आणि त्यामुळे अकरा वर्षांत या विषयावर एकही बैठक झाली नाही.

मग एके दिवशी ती कडी झिजून तुटली आणि डावी बॅग वळणावर पडली. नुकसान : पाककृतींचं एक पुस्तक, चिखलात. (डाग त्याच्यावर आधीपासूनच होते.) सायकल दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत नवी कडी बसवून दिली. पण तोवर उशीर झाला होता. समिती नेमली गेली होती.

समितीत ग्रंथपालसाहेब, त्यांचे लेखनिक आणि तज्ज्ञ म्हणून साहेबांचे मेहुणे होते. मेहुण्यांच्या शेजाऱ्याकडे सायकल होती. चौसष्ट पानी अहवालाचा निष्कर्ष असा : 'बॅग पडली, कारण ती पडणार नाही याची कोणी खातरजमा केली नव्हती.' उपाय म्हणून ओढ-तपासणी सुरू झाली. सायकल फाटकाबाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रत्येक बॅग तीनदा बाहेर आणि एकदा वर ओढावी, समाधान झाल्यास 'हं' म्हणावं आणि सही करावी. चौदा कर्मचारी, दोन बॅगा, चार झटके. रोजचे एकशे बारा.

आता तो खालचा आकडा बिचारा पाच-सहा झटके सोसतो. वाट्याला छप्पन्न आले, तर त्याने तरी किती सोसावं? तो अर्धा बाहेर यायचा, आणि पहिल्याच वळणावर उरलेला.

"साहेब," सायकलताई म्हणाली, "बाजूने ओढलं की आकडा सुटतो हो! तो ओढण्यासाठी नाहीच आहे."

"ओढल्यावर सुटतो?" साहेब खुर्चीतून उठलेच. "बघा! म्हणजे ओढून बघतोय ते बरंच करतोय की आपण!"

ताईने कपाळाला हात लावला. दुसऱ्याच आठवड्यात बॅग पुन्हा पडली, ती थेट गटारात.

या खेपेला बॅगेत होता एका तीन भागांच्या रहस्यकथेचा दुसरा भाग. तो निघाला होता मास्तरीणबाईंकडे. बाईंचं वय एक्क्याऐंशी, पाय प्लास्टरमध्ये, घर तिसऱ्या मजल्यावर. पुस्तक बांधणीवाल्याच्या गच्चीवर पानन् पान वाळत पडलं आणि इकडे बाईंचे फोन सुरू झाले.

"अगं, पहिल्या भागाच्या शेवटी त्याने दार लोटलंय. पाच आठवडे झाले, मेला तसाच उभा आहे उंबऱ्यात! मला माळ्याचा संशय आहे. पण मी डोळे मिटायच्या आत खात्री होऊ दे गं बाई."

ताईला रडू आलं. अकरा वर्षांत तिच्या हातून कोणाचा खुनी राहिला नव्हता.

समितीने दुसऱ्या अपघाताची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली. एकशे बारा झटके देऊनही बॅग पडते, याचा अर्थ झटके कमी पडतात. मेहुण्यांनी लोकसहभाग सुचवला. (उंटावर बसल्या बसल्या.) दोन्ही बॅगांवर पाटी लागली : 'नागरिकहो, जाता-येता ओढून खात्री करा.' आणि साहेबांनी आदेशाखाली तळटीप टाकली : बॅग तिसऱ्यांदा पडल्यास घरपोच सेवा कायमची बंद.

नागरिक म्हणजे काय, हातात काम दिलं की फुलतात! न्हावी अर्धी दाढी सोडून ओढायला धावला. वाहतूक पोलिसाने सिग्नल हिरवा झाला तरी बॅग सोडली नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांनी 'ओढमित्र मंडळ' काढलं. डावी बॅगवाले आणि उजवी बॅगवाले यांच्यात फूट पडून आठवड्यात दोन मंडळं झाली. हाडांच्या डॉक्टरांनी खांद्याच्या रुग्णांना सकाळ-संध्याकाळ दहा-दहा झटके लिहून दिले. एका वधूपित्याने मुलगा पसंत करण्याआधी त्याला बॅग ओढायला लावली. (हात सैल निघाला. लग्न मोडलं.) शहरात इतका आनंद कोणी पाहिला नव्हता, आणि पुस्तकं एकाच्याही घरी पोचत नव्हती. आकडे चौकातच सुटायचे, आणि बॅग तिसऱ्यांदा पडायला नको म्हणून दोन्ही खांद्याला लावून ताई सायकल हातात धरून परतायची.

शेवटी घरी ताईच्या सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माणसांच्या हाताला चाळा लागतो गं. तो दे त्यांना, म्हणजे बाकीचं सोडतील."

सासू-सुनांनी एक तिसरी बॅग शिवली. आत रद्दी कोंबली, हँडलला दाभणाने पक्की टाचली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'तपासणी येथे.' मागच्या दोन बॅगांवरच्या पाट्या काढून वर जुनी करडी चादर टाकली.

सोमवारी चौदा कर्मचाऱ्यांनी पुढची बॅग ओढली आणि 'हं' म्हणाले. न्हाव्याने ओढली, पोलिसाने ओढली, दोन्ही मंडळांनी ओढली आणि बॅग एकच असल्यामुळे त्यांच्यात समेटही झाला. रद्दी जागची हलली नाही. मागचे आकडे अकरा वर्षं बसायचे तसे मुकाट बसून होते. वाळलेला, जरा फुगलेला दुसरा भाग तिसऱ्या मजल्यावर पोचला.

साहेबांचा सत्कार झाला. मेहुणे आता जिन्याच्या कठड्यांकडे वळले आहेत.

गुरुवारी पहाटे बाईंचा फोन आला. "माळी नव्हता गं! माळ्याचाच खून झाला! शेवटच्या पानावर तो उंबऱ्यातला मेला पुन्हा दारात उभा. तिसरा भाग कधी आणतेस?"

"उद्या," ताई म्हणाली. "नक्की."

तो तिसरा भाग उद्या डाव्या बॅगेत, चादरीखाली असेल. सायकल तुमच्याच रस्त्याने जाईल आणि चौकात मिनिटभर थांबेल. पुढची बॅग खोटी आहे, हे आता सगळ्या शहरात सासू, सून आणि तुम्ही, अशा तिघांनाच ठाऊक आहे. तुम्ही काही त्या न्हाव्यासारखे अडाणी नाही. पुढच्या बॅगेकडे तुम्ही बघणारसुद्धा नाही. गालातल्या गालात हसाल, मागे जाल, हळूच चादर उचलाल. खरी बॅग नीट बसली आहे ना, तेवढं बघायला. एकदाच. बाईंच्या काळजीपोटी.