धवलखिंडीचा आगाऊ सत्कार

एका जंगलात, मुलांनो, उंच असं काहीच नव्हतं. झाडं होती, पण ती उंचीत धरत नसत, कारण त्यांच्यावर माकडं राहत. जमिनीवरची सगळ्यात उंच जागा म्हणजे नदीकाठचं वारूळ. त्यावर बापूसाहेब गवे बसत, कारण ते सगळ्याच मंडळांचे अध्यक्ष होते. त्यांच्या वजनाने वारूळ दर वर्षी थोडं खचत असे, पण हे कुणी बोलून दाखवत नसे.

त्याच जंगलात साळिंदर गुरुजी राहत. त्यांनी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. चौथीच्या पुस्तकात ‘हिमरेषा’ नावाचा धडा होता. उंच पर्वतावर एक रेषा असते, तिच्या वरचा बर्फ कधी वितळत नाही, असं त्यात लिहिलं होतं. गुरुजी फळ्यावर डोंगर काढत आणि त्याच्या गळ्याशी एक सरळ रेघ ओढत.

दर वर्षी कुणीतरी पोर विचारायचंच, “गुरुजी, तुम्ही पाहिलीय?”

मग गुरुजी पुढचा धडा उघडायला सांगत. पुढचा धडा ‘आपली पिके’ हा होता. ती त्यांनी पाहिलेली होती.

गुरुजी निवृत्त झाले आणि तो प्रश्न त्यांच्या मागे लागला. शाळेत असताना घंटा वाजून सुटका व्हायची. घरी घंटा नव्हती. एकदा तरी आपल्या पायांनी त्या रेषेवर जाऊन उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. गुडघे दुखत होते, वय झालं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

अशातच ‘जंगल हितवर्धक गिर्यारोहण व सहल मंडळा’ने फलक लावला. उत्तरेच्या परक्या राज्यात धवलखिंड नावाची उंच खिंड आहे. तिथे चढाई करायची. बारा दिवस डोंगर, आणि त्यानंतर दोन दिवस त्या राज्याच्या राजधानीत स्थलदर्शन. गुरुजींनी पहिलं नाव नोंदवलं. बापूसाहेब, चिटणीस मुंगूसराव, शेकरूताई आणि आणखी चौघे मिळून आठ जण झाले.

मग बैठका सुरू झाल्या. जंगलात कुठलीही गोष्ट बैठकीशिवाय होत नसे, आणि बैठक झाली की बहुधा गोष्ट होत नसे.

पहिल्या तीन बैठका चिवड्यावर झाल्या. चिवडा पातळ पोह्यांचा असावा की भाजक्या, यावर दोन तट पडले. शेकरूताई म्हणाल्या की उंचावर पातळ पोहे लवकर सादळतात. त्या उंचावर कधी गेल्या होत्या, असं कुणी विचारलं नाही, कारण त्या फांदीवर बसून बोलत होत्या. उंचीवर हवा विरळ असते हा विषय चौथ्या बैठकीत आला आणि चहा येईपर्यंत संपला. विरळ तर विरळ, आपण थोडी जास्त घेऊ, असं ठरलं.

सराव म्हणून सगळ्यांनी पाठीवर ओझं घेऊन वारुळाला रोज चाळीस प्रदक्षिणा घालायच्या होत्या. गुरुजी रोज घालत. बाकीचे रविवारी घालत आणि सोमवारी त्यांचे पाय दुखत.

पाचव्या बैठकीत वाटाड्या याकाचं पत्र वाचण्यात आलं. याक त्याच डोंगरात राहायचा. त्याने कळवलं होतं की बारा दिवसांतले चार दिवस नुसतं बसायचं. अंगाला हवेची सवय होऊ द्यायची. त्या दिवशी चढायचं नाही, काही बघायचंही नाही.

बापूसाहेबांना हे मुळीच पटलं नाही. बसायचंच असेल तर इथे वारूळ आहे, असं ते म्हणाले. परदेशात जाऊन बसायचं म्हणजे दिवस फुकट घालवणं. बसायचे चारही दिवस त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकले आणि स्थलदर्शनाला जोडले.

एकदा दिवस काढता येतात हे कळल्यावर मंडळींना हुरूप आला. राजधानीत घड्याळाचा मनोरा आहे असं मुंगूसरावांना कळलं. त्यासाठी एक दिवस गेला. तळ्यात नावा आहेत असं कळलं, आणखी एक गेला. लोकरीच्या बाजाराला शेकरूताईंनी एक दिवस मागितला, आणि बाजारात विसरलेल्या वस्तू आणायला दुसरा. डोंगराचे उरले चार दिवस आणि राजधानीचे झाले दहा. गुरुजींनी हात वर करून सांगितलं की चार दिवसांत खिंड येत नाही. मुंगूसरावांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘गुरुजींच्या भावनांचा आदर करण्यात आला.’ कार्यक्रम तसाच राहिला.

आता या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे सत्कार आधी करत आणि पराक्रम नंतर. त्याला कारण होतं. पूर्वी एक तरस परदेशी निघाला होता. तो परत आला की सत्कार करू म्हणून शाल आणून ठेवली, आणि तो तिकडेच राहिला. शाल कसरीने खाल्ली. तेव्हापासून जंगलाने धडा घेतला. शिवाय प्रमुख पाहुणे म्हणून वाघोबाच लागत, आणि वाघोबांना सवड असेल तेव्हाच सत्कार होई.

तसा तो झाला. वडाखाली सतरंज्या घातल्या. आठही जणांना शाल आणि नारळ मिळाला. गुरुजींची शाल काट्यांत अशी अडकली की ती नीट करायला तिघे लागले. मग मुंगूसरावांनी खणखणीत आवाजात मानपत्र वाचलं. ‘बोचऱ्या थंडीला न जुमानता आपण धवलखिंडीच्या माथ्यावर पोहोचलात, हिमरेषा ओलांडलीत आणि जंगलाची मान उंचावलीत.’

गुरुजींनी हळूच सांगितलं की अजून आपण निघालोही नाही. मानपत्राची भाषा अशीच असते, असं मुंगूसराव म्हणाले.

वाघोबांनी भाषण केलं. या मंडळींचा थरारक अनुभव ऐकून आपल्या अंगावर काटा आला, असं ते म्हणाले. अनुभव कुणी सांगितला नव्हता, पण वाघोबांच्या अंगावर काटा आला म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगावर आला. पुढच्या रांगेत गुरुजींची बायको यमुताई डोळे पुसत होत्या. त्यांना इतकं आनंदात गुरुजींनी फार दिवसांनी पाहिलं होतं. आणि गुरुजींना मात्र लाज वाटत होती. न केलेल्या गोष्टीची शाल अंगावर घेऊन ते बसले होते आणि ती त्यांना टोचत होती.

असो. मंडळी निघाली. बरेच दिवस चालली, एक नदी पोहून गेली. सरहद्दीवरच्या लांडग्यांना परवाने दाखवले. लांडग्यांनी उलटसुलट बघून त्यांवर पंजा उमटवला, आणि सगळे डोंगराच्या पायथ्याशी आले. तिथे याक वाट बघत उभा होता. त्याने आठांकडे पाहिलं, चिवड्याच्या डब्यांकडे पाहिलं आणि चालू लागला.

पहिल्या मुक्कामालाच बापूसाहेबांना धाप लागली. मुंगूसरावांचं डोकं ठणकू लागलं. शेकरूताईंना चिवडा नकोसा झाला, यावरून तुम्ही ओळखा. याक म्हणाला की आता दोन दिवस इथे बसा, बरं वाटेल. हे ऐकून बापूसाहेब एका धोंड्यावर बसले आणि त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

त्या बैठकीत बापूसाहेबांनी जे सांगितलं ते फार विचारपूर्वक सांगितलं. धवलखिंडीच्या माथ्यावर पोहोचल्याबद्दल आपला सत्कार झालेला आहे. तो साक्षात वाघोबांच्या हस्ते झालेला आहे. आता पुन्हा चढणं म्हणजे आधीचं चढणं खरं नव्हतं असं म्हणण्यासारखं आहे. तो वाघोबांचा अपमान होईल. सबब जंगलाच्या प्रतिष्ठेसाठी सर्वांनी आत्ताच खाली उतरावं आणि स्थलदर्शनाला लागावं.

सगळ्यांना हायसं वाटलं. इतका वेळ त्यांना नुसतंच उतरावंसं वाटत होतं. आता त्याला कारणही मिळालं.

गुरुजी मात्र उठले नाहीत.

“गुरुजी, चला,” बापूसाहेब म्हणाले. “सत्कार झालाय ना आपला?”

“झालाय,” गुरुजी म्हणाले. “म्हणूनच मला वर जायला हवं.”

बापूसाहेबांना हे काही समजलं नाही. वयामुळे असं होतं, असं त्यांनी मुंगूसरावांना सांगितलं. सात जण चिवड्यासकट खाली उतरले. गुरुजी आणि याक उरले.

मग गुरुजी बसले. दोन दिवस नुसते बसले. तिसऱ्या दिवशी चढले, चौथ्या दिवशी चढले, पुन्हा बसले. गुडघे कुरकुरत होते. गारठ्याने काटे इतके कडक झाले की चालताना त्यांचा खुळखुळ आवाज येई. एकदा रस्त्यात त्यांना वाटलं, यमुताईंना न सांगताच आपण इथे मरणार. त्यांना खूप भीती वाटली. याक म्हणाला, “दहा पावलं चाला आणि थांबा. मी पण तसंच करतो.” याकाला तसं करायची काही गरज नव्हती, हे गुरुजींना दिसत होतं. ते दहा पावलं चालले.

आठव्या दिवशी एका दगडाच्या सावलीत मूठभर पांढरं दिसलं. पुढच्या दगडापाशी त्याहून थोडं जास्त. मग कोरडी माती. मग पुन्हा पांढरं, मग गवताचे दोन ठोंब. गुरुजी खाली बघत, रेषा शोधत चालले होते. खिंडीच्या माथ्यावर आल्यावर त्यांनी मान वर केली. चारी बाजूंना बर्फ होता आणि आपण त्यात केव्हा शिरलो ते त्यांना कळलंच नव्हतं.

हिमरेषा कुठे राहिली, असं त्यांनी याकाला विचारलं.

“कसली रेषा?” याक म्हणाला. “बर्फ आज इथवर आहे. ऊन पडलं की वर सरकतो. पुन्हा पडला की खाली येतो. त्याला कोण रेघ मारणार, गुरुजी?”

गुरुजी बर्फातच बसले आणि रडले. एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं म्हणून रडले असतील, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. ते आनंदाने रडत होते. इतकं मोठं काहीतरी त्यांच्यासमोर होतं आणि ते त्यांच्या फळ्यावर मावलं नव्हतं, याचा त्यांना आनंद झाला होता. त्यांनी नाकाचा शेंडा बर्फात खुपसला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

चौदा दिवस संपले तेव्हा ते पायथ्याशी पोहोचले. राजधानी राहूनच गेली. पायथ्याशी मंडळी भेटली आणि सगळे मिळून परतले.

जंगलात अनुभवकथनाचा कार्यक्रम ठेवला होता. बापूसाहेब तासभर बोलले. चढाईचं वर्णन त्यांनी मानपत्रातून वाचून दाखवलं, कारण त्यात सगळं होतंच. मग मनोऱ्याच्या घड्याळाला किती टोले पडतात, तळ्यात कुठल्या रंगाच्या नावा आहेत, बाजारात घासाघीस कशी करावी, हे सगळं आलं. प्राणी भान हरपून ऐकत होते.

मग गुरुजी उभे राहिले. यमुताई पुढच्या रांगेत सरसावून बसल्या. गुरुजींच्या मनात इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळेना. अखेर ते म्हणाले, “तिथे रेषा नाहीये.”

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

वाघोबांनी सौजन्याने विचारलं की घड्याळाचा मनोरा कसा वाटला. गुरुजींनी तो पाहिला नव्हता. नावा? नावाही पाहिल्या नव्हत्या. मग मागच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. परदेशात जाऊन मनोरा बघितला नाही असं होईल का? आणि ज्या रेषेवर यांनी एकतीस वर्षं पगार घेतला, ती नाही म्हणतात? गुरुजींचे जुने विद्यार्थी होते तेच जास्त रागावले. त्यांनी ती रेषा वहीत पट्टीने काढली होती.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. गुरुजी परदेशी गेल्याचा पुरावा नाही, सबब त्यांचं नाव धवलखिंड सर करणाऱ्यांच्या यादीतून वगळावं आणि त्यांनी शाल परत करावी, असा ठराव झाला. यादीत सात नावं राहिली. पुढच्या वर्षी भूगोलाचा तो धडा बापूसाहेबांकडून नव्याने लिहून घ्यायचंही ठरलं. अनुभवी प्राण्याने लिहिलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यात रेषा पहिल्यापेक्षा जाड असणार होती.

ठरावाची प्रत घरी आली तेव्हा सकाळ होती. यमुताईंनी ती वाचली आणि शाल बाहेर काढली.

“अहो, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “खरंच गेला होतात ना?”

“गेलो होतो.”

“मग तिथे नीट सांगितलं का नाहीत?”

“सांगत होतो गं. पण येईना.”

“मग मला सांगा. कसं होतं?”

गुरुजींनी डोळे मिटले. सगळं समोर होतं. दगडाच्या सावलीतलं मूठभर पांढरं, याकाचा श्वास, चारी बाजू. त्यांनी फार प्रयत्न केला. यमुताईंना तरी सांगायलाच हवं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“गार होतं,” ते म्हणाले.

यमुताईंनी शालीची घडी घातली. तुम्ही बसा, मीच देऊन येते, असं म्हणून त्या वारुळाकडे निघाल्या.

तात्पर्य : मुलांनो, सत्कार नेहमी निघण्यापूर्वीच उरकून घ्यावा. खरोखर वर जाऊन आलेला प्राणी भाषणाच्या काही उपयोगाचा राहत नाही.