सात नंबरच्या कॉटेजमधले पाहुणे

मानाजीअण्णा गेली सत्तावीस वर्षं आमच्या तळ्यावर दोन दिवसांसाठी आलेले आहेत. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. कधीही विचारा, "काय अण्णा, अजून आहात?" उत्तर ठरलेलं. "हो अक्का, परवा निघायचं."

आमची वसाहत मुळात रिसॉर्ट होती. बंगळूरची माणसं शनिवार-रविवार इथे येऊन हंसाच्या आकाराच्या होडीत बसायची, भजी खायची आणि परत जायची. पुढे शहरच चालत तळ्यापर्यंत आलं, तेव्हा मालकानं बावीस कॉटेजेस एकेक करून विकल्या. लोकांनी वर मजले चढवले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, व्हरांड्यात वॉशिंग मशीन आणून ठेवलं. फक्त सात नंबरची कॉटेज होती तशी राहिली. अण्णा तिथे गिऱ्हाईक म्हणून उतरले होते. खोली रिकामी करा म्हटल्यावर त्यांनी ती विकतच घेतली. "सुट्टी स्वल्प उरली होती अक्का, मधेच कसं उठणार?"

चिकपेटात त्यांचं तीन पिढ्यांचं साड्यांचं दुकान. घरात मराठी, पण कानडीत बुडवून काढलेली. दुकान आता पुतणे बघतात, अण्णा इथे सुट्टी बघतात. घरात कपाट नाही, कपडे अजून सुटकेसमध्ये. पेपर रोज सुटा आणायचा, महिन्याचा लावायचा नाही. संध्याकाळी डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण आणि तळ्याला फेरी. मी पंधरा वर्षं बघतेय, त्या तळ्यात बघण्यासारखं नवीन काही आलेलं नाही, सांडपाण्याचा फेस सोडला तर. एकदा मी त्यांना आंब्याचं कलम नेऊन दिलं. "नको अक्का. फळ धरायला पाच वर्षं लागतात. आमचं तर परवाचं आहे." ते कलम मी माझ्याच दारात लावलं. आता दर मे महिन्यात त्याचे आंबे त्यांना नेऊन देते आणि ते वास घेऊन म्हणतात, "इकडचा आंबा छान हं."

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी पंचावन्नची होते, म्हणजे अगदीच अल्लड. यांची सरकारी कारखान्यातली नोकरी नुकतीच संपली होती. घरात हुकूम सोडायला एकच माणूस उरला होता आणि त्यालाही सोयीप्रमाणे ऐकू कमी यायचं. म्हणून मी वसाहतीची सेक्रेटरी झाले. पुण्याचा ताठा, गळ्यात चष्म्याची साखळी, काखेत फाइल. आज ती बाई समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

तेव्हा आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं. समोर एवढं मोठं तळं आणि आम्ही बादल्या घेऊन टँकरची वाट बघत उभे. नळासाठी अर्ज केला, तर पाण्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "कागदावर हे रिसॉर्ट आहे. घरगुती नळ कसा देणार? बावीसच्या बावीस मालकांनी 'मी इथे कायम राहतो' असं सही करून द्यायचं. एकही कमी चालणार नाही." मुदत शुक्रवारची.

एकवीस सह्या दोन दिवसांत झाल्या. बाविसावी कुणाची राहिली ते तुम्ही ओळखलंच असेल.

"कायम कसं लिहू अक्का? खोटं होईल."

"अहो, बारा वर्षं झाली तुम्हाला इथे!"

"हो, पण आलो दोन दिवसांसाठी."

मी समजावलं, विनवलं, पुरणपोळ्या नेल्या. दोन पोळ्या खाऊन म्हणाले, "इथलं खाणं बरं आहे." माझं डोकं फिरलं. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन उभ्याउभ्याच सुरू झाले. शेजारधर्म, बादल्या उचलून मोडलेली म्हाताऱ्यांची कंबरडी, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी म्हटलं, "हे सुट्टीचं नाटक पुरे झालं. एक तर सही करा, नाही तर सुटकेस उचला आणि चिकपेटला चालू लागा." हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. मला ते फार आवडलंही होतं.

अण्णा चिडले नाहीत. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', म्हणाले, "बसा स्वल्प."

मी बसले.

"आमची सरस्वती वीस वर्षं म्हणत होती, कुठंतरी पाण्याकाठी जाऊ. मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे, लग्नसराई होऊ दे. शेवटी दोन दिवस काढले. तिसऱ्या सकाळी मी बॅग भरायला घेतली, तर म्हणाली, अजून दोन दिवस राहू. मी म्हटलं, तू 'घरी चला' म्हणशील तेव्हाच निघायचं. शब्द दिला तिला." सदऱ्याच्या टोकानं ते दुर्बिणीची काच पुसत होते. "चार महिने दोन-दोन दिवस वाढवत होती. मग एका दुपारी आत त्या खाटेवर पडली, ती उठलीच नाही."

मी काखेतली फाइल मांडीवर घेतली.

"'घरी चला' असं तिनं म्हटलंच नाही, अक्का. सुट्टी तिची चाललीय. मी कायम कसं लिहू?"

मग मी फाइल उघडली. कागदावरचा 'कायम' माझ्या पेननं खोडला, वर 'सध्या' लिहिलं आणि कागद पुढे केला. अण्णांनी तो दोनदा वाचला आणि सही केली. सहीखाली, मी न सांगता, 'व सौ. सरस्वतीबाई' असंही लिहिलं.

शुक्रवारी साहेबांनी बावीस कागद उलटले आणि नेमकं त्याच कागदावर बोट ठेवलं. "हे 'सध्या' काय आहे? हे गृहस्थ राहणार आहेत की जाणार आहेत?"

सरकारी कचेरीत मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही.

"त्यांच्या मिसेस म्हणतील तेव्हा जाणार आहेत."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सरी, सरी," म्हणाले, "आमच्या घरीही तसंच आहे." आणि शिक्का मारला.