परक्याच्या टोपीला हात

माझी टोपी मला अंधारात, नुसत्या वासावरून ओळखता येते, असं मी टेक्ससमधल्या आमच्या सॅन सबा गावात पैजेवर सांगत असे. आमच्या पेंडीच्या दुकानात गुरंवाले टोप्या काढून तासन्‌तास गप्पा मारतात. उठताना माझा हात बरोब्बर माझ्याच टोपीवर पडतो. म्हणून लुआनला लग्नाची मागणी घालायचं ठरलं आणि अंगठी कुठे लपवायची हा प्रश्न आला, तेव्हा मी फारसा विचार केला नाही. करायला हवा होता.

खिशाचा काही उपयोग नव्हता. च्युइंगगमसाठी लुआन माझ्या खिशात खुशाल हात घालते, विचारतसुद्धा नाही. टोपीची गोष्ट वेगळी! आम्हा टेक्ससवाल्यांचं कसं आहे, एक वेळ माणूस शेजाऱ्याचा ट्रॅक्टर न विचारता नेईल, पण परक्याच्या टोपीला हात लावणार नाही. तेव्हा टोपीच्या आतल्या चामडी पट्टीत मी आईची अंगठी खोचून टाकली. देताना आई एवढंच म्हणाली होती, "हरवलीस तर घरी येऊ नकोस. तिकडेच डॅलसला नोकरी बघ."

बेत असा होता. डॅलसच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये कंट्री गाण्यांचा कार्यक्रम होता. आम्ही दोघं पहिल्यांदा ज्या गाण्यावर नाचलो होतो ते गाणं लागलं, की टोपी काढायची, गुडघा टेकायचा आणि अंगठी पुढे करायची.

दारात तपासणी होती. सगळ्यांनी टोप्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या, अर्थात उताण्या. टोपी पालथी ठेवली की त्यातलं नशीब सांडतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या मागे हिरव्या शर्टातला एक म्हातारा होता. तळ्यात पकडलेला मासा केवढा होता, हे तो मला दोन्ही हात पसरून दाखवत होता. मासा वाढत गेला तसा मी पुढे सरकत गेलो.

"आमच्या मर्टलला कमी ऐकू येतं, म्हणून अगदी पुढची तिकिटं काढली. बारा नंबरचा भाग," तो म्हणाला.

"छान केलंत," मी म्हणालो, टोपी उचलली आणि डोक्यावर घालून लुआनबरोबर वर आमच्या जागेवर गेलो.

चौथ्या की पाचव्या गाण्यानंतर आमचं गाणं लागलं. लुआनने माझ्या दंडाला घट्ट धरलं. मी टोपी काढली, पट्टीत बोट घातलं, आणि बोटाला कचकन काहीतरी टोचलं. बाहेर काढून बघतो तर मासे धरायचा गळ!

"काय झालं रे?" लुआनने विचारलं.

"काही नाही. जरा बाथरूमला जाऊन येतो."

"आत्ता? अरे, हे आपलं गाणं आहे."

"म्हणूनच तर," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. याची टोपी त्याच्या डोक्यावर झाली होती आणि आईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

जिने उतरत मी बारा नंबरच्या भागात पोचलो. म्हातारा जागेवर नव्हता. शेजारी पांढऱ्या केसांची एक बाई पाय हलवत ताल धरून बसली होती आणि म्हाताऱ्याच्या रिकाम्या खुर्चीखाली माझी टोपी उताणी पडली होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. टोपी माझीच होती, पण इतका वेळ दुसऱ्याच्या डोक्यावर होती. मग ती माझी की परक्याची? आणि मालक नसताना उचलली तर ती चोरी नाही का? माझ्या डोक्यात नुसता काला झाला. शेवटी म्हटलं, विचारलेलं बरं.

"बाई, तुमच्या यजमानांची टोपी—"

"काय?"

"टोपी! त्यात अंगठी आहे!"

"कुणाची अंगठी?"

"माझ्या आईची! तुमची परवानगी असेल तर—"

तिला एक अक्षर ऐकू गेलं नाही. म्हणून मी डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली, तिच्या खुर्चीपाशी गुडघा टेकला, हात जोडले आणि ओठ नीट दिसतील असे हलवत म्हणालो, "बाई, फक्त हो म्हणा."

आणि गाणं थांबलं.

"मंडळी, जरा बघा बारा नंबरमध्ये काय चाललंय!" गायक माइकवरून म्हणाला. मी मान वर केली. समोरच्या घराएवढ्या पडद्यावर मी होतो, गुडघ्यावर, हात जोडलेला. सगळं स्टेडियम ओरडायला लागलं, "हो म्हण! हो म्हण!"

हे मात्र मर्टलबाईंना नीट ऐकू आलं. "हो," त्या लाजून म्हणाल्या.

मला परवानगी मिळाली. मी टोपी उचलली, पट्टीतून अंगठी ओढली, ती घाईत हातातून निसटली आणि थेट बाईंच्या मांडीवर पडली. त्यांनी ती बोटात घातली. स्टेडियम नुसतं दणाणलं.

हिरव्या शर्टातला म्हातारा तेवढ्यात लोण्यात माखलेली मक्याची दोन कणसं घेऊन आला. "मर्टल, मी कणसं आणायला गेलो तेवढ्यात?"

"एवढ्या वर्षांत तू कधी गुडघा टेकलास का, व्हर्जिल?"

"माझा गुडघा दुखतो, तुला माहितीय."

व्हर्जिलच्या मागे लुआन उभी होती. पडद्यावर मला बघून ती वरून थेट खाली आली होती.

मी सगळं सांगितलं. टोपी, तपासणी, गळ, आई. ऐकून मर्टलबाईंनी अंगठी काढायला घेतली, पण ती निघेना. मग व्हर्जिलने कणसावरचं लोणी त्यांच्या बोटाला चोळलं. अंगठी सुटून माझ्या हातात आली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

"खिशात का नाही ठेवलीस?" लुआनने विचारलं.

"खिशात तू हात घालतेस."

तिने जरा विचार केला. "घालते खरी." मग म्हणाली, "तू आधी दुसऱ्याच बाईला विचारलंस, ड्वेन. आणि ती हो म्हणाली. सगळ्या डॅलससमोर."

"आता तुला विचारतोय. कॅमेरा गेलाय."

"विचार ना मग. पण दुसऱ्या गुडघ्यावर. तो एक वापरून झालाय."

मी दुसरा गुडघा टेकला. ती हो म्हणाली. अंगठी लोण्यामुळे सर्रकन बसली. व्हर्जिलने माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, "लेका, घरी गेल्यावर आता मलाही गुडघा टेकावा लागणार." दोन्ही टोप्या खाली शेजारीशेजारी उताण्या पडल्या होत्या. मी न बघता, सवयीने, आपली उचलली आणि ऐटीत डोक्यावर घातली.

आम्ही गाडीत बसलो. लुआन हातातली अंगठी दिव्याखाली बघत होती. मग तिने नाक वर करून एकदा इकडे, एकदा तिकडे हुंगलं.

"ड्वेन, मासळीचा वास कुठून येतोय रे?"

टोपी वासावरून ओळखता येते, हे मात्र मी आजही पैजेवर सांगतो.