टॅबांचे लोकार्पण

कार्यालयात एकशे बारा कर्मचारी होते आणि नऊ हजार चारशे उघडे टॅब. कर्मचाऱ्यांची मोजणी दरवर्षी होत असे. टॅबांची पहिल्यांदाच झाली, कारण सोमवारी सकाळी साऱ्या कार्यालयाचे संगणक एकदम हँग झाले. एकदा उघडलेला टॅब बंद करायचा नाही, ही इथली जुनी शिस्त. बंद केला आणि उद्या वरून कोणी विचारले तर? उघडा टॅब म्हणजे चालू काम. ज्याच्या पडद्यावर टॅबांची इतकी दाटी होई की त्यांची नावेसुद्धा वाचता येत नसत, तो बढतीच्या यादीत बराच वर असे.

यावर उपाय काढायचे काम तिच्या गळ्यात पडले. ती संगणक विभागात प्रोग्रॅमर होती, गेली सहा वर्षे कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी तिला कामावरून कमी करत आणि एका दिवसाने परत घेत. त्या मधल्या दिवशीही ती येऊन काम करी, कारण काम काही कमी केलेले नसे. उपसंचालक म्हणाले, "मॅडम, एवढं पार पाडा. तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः वर पाठवतो."

कायम कर्मचाऱ्यांना मागच्या इमारतीत दोन खोल्या मिळत. तिची आई मामाकडे राहत होती. मामी तोंडाने अवाक्षर काढत नसे, भांडी तेवढी जरा जोरात ठेवी. आई रोज फोनवर एकच विचारी, "काय गं, झालीस का कायम?"

तीन आठवडे मान मोडून तिने ब्राउझरला जोडायचे एक छोटेसे ॲड-ऑन तयार केले. ते विखुरलेले टॅब विषयवार गठ्ठ्यांत लावी, गठ्ठा एका क्लिकसरशी दुसऱ्याला पाठवता येई, आणि कोणता टॅब शेवटचा कधी वाचला तेही ते दाखवी. नको असलेले टॅब बंद करायला एक बटण होते. काम खरोखर चांगले झाले होते. त्यामुळे ताबडतोब समिती नेमण्यात आली.

अध्यक्ष अर्थातच उपसंचालक. चाचणी त्यांच्याच संगणकावर झाली. बघता बघता तीनशे सत्तर टॅब गठ्ठ्यांत जाऊन बसले. उपसंचालकांचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. तीनशे अडुसष्ट टॅबांपुढे लिहिले होते, 'कधीच वाचला नाही'. उरलेले दोन हवामानाचे होते.

"हे काय लिहितंय?"

"सर, जे आहे ते दाखवतंय."

"जे आहे ते दाखवायला कुणी सांगितलं होतं? टॅब लावायला सांगितले होते."

तोड काढली आस्थापना शाखेच्या काकांनी. नेमणुका, बदल्या, रजा सगळे त्यांच्या हातून जाई आणि निवृत्तीला दोन वर्षे उरल्याने ते कशानेही गडबडत नसत. "त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "टॅब आला म्हणजे पाहिला, पाहिला म्हणजे वाचला, असं समजायचं. कागदाचं तरी आपण दुसरं काय करतो?"

ठराव एकमताने झाला. टॅब संगणकावर पोचताक्षणी त्या कर्मचाऱ्याच्या नावापुढे हिरवी खूण पडेल: 'पाहिले'. मग बंद करण्याच्या बटणाकडे वळण्यात आले. बंद करण्याची जबाबदारी कोणाची, यावर दोन बैठका झाल्या आणि बटणावर 'बंद करण्याबाबत अभिप्रायार्थ सादर' असे लिहायचे ठरले. ते दाबले की तो टॅब वरिष्ठांकडेही उघडेल. शिवाय कोणाला डावलले असे वाटू नये म्हणून प्रत्येक टॅब सर्वांना माहितीसाठी जाईल, हेही ठरले.

"सर, यानं टॅब कमी नाही होणार. वाढतील," ती म्हणाली.

"कमी करायचेत असं ॲड-ऑनच्या प्रस्तावात कुठंय? 'सुव्यवस्थित' असा शब्द आहे."

तिने प्रस्ताव पुन्हा वाचला. तसाच शब्द होता. तिला स्वतःची लाज वाटली, पण दोन खोल्याही डोळ्यांपुढे आल्या. तिने मुकाट्याने सगळे बदल करून दिले. एक युक्ती मात्र स्वतःहून केली: आलेला टॅब नुसता नावाने दिसेल, कोणी क्लिक केले तरच पूर्ण उघडेल.

लोकार्पणाच्या दिवशी मॉनिटरला रेशमी पडदा लावला होता. मोठ्या साहेबांनी तो ओढला, बटण दाबले आणि म्हणाले, "आजपासून या कार्यालयात न पाहिलेलं असं काहीही उरणार नाही." टाळ्या पडल्या. महिनाभरात टॅब पाच लाखांवर गेले, 'पाहिले'चे प्रमाण शंभर टक्के झाले, आणि एकही टॅब कोणी क्लिक करत नसल्याने संगणक पूर्वी कधी नव्हे इतके भरभर चालू लागले. शेजारची कार्यालये ॲड-ऑन मागायला आली. तिला सगळे कौतुकाने टॅबताई म्हणू लागले.

टॅबताई एक दिवसाआड आस्थापना शाखेत जाई.

"काका, माझा प्रस्ताव?"

"गेलाय गं वर. सगळ्यांनी पाहिलाय."

ते खरेच होते. प्रस्तावाला एकशे बारा हिरव्या खुणा पडल्या होत्या, त्यांत तिचीही एक. सगळ्यांनी पाहूनही कोणी हरकत घेतली नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो आपोआप मंजूर झाला आणि आदेशही निघाला.

हे तिला कळले ते दहाव्या दिवशी, काकांनी बोलावून घेतले तेव्हा.

"आदेशात लिहिलं होतं, सात दिवसांत लेखी संमती द्या, नाहीतर इच्छुक नाही असं समजू. तुझी संमती काही आली नाही."

"काका, मी वाचलाच नाही तो आदेश! त्या दिवशी चौदाशे टॅब आले होते."

"असं कसं म्हणतेस? ही बघ तुझ्या नावापुढे खूण. आणि खूण तूच बनवलीस."

"मी एक दिवसाआड तुमच्यासमोर येऊन उभी राहत होते! तोंडी सांगायचं होतंत की मला."

"अगं, मी तरी तेव्हा कुठं वाचला होता?" काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

कायम होण्यास इच्छुक नसलेल्या व्यक्तीला कंत्राटावर तरी कशाला ठेवायचे, हा पुढचा प्रश्न होता. त्याचाही टॅब निघाला आणि सर्वांनी पाहिला.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिने एका दमात सगळे सांगून टाकले. आई म्हणाली, "तुझ्याच नावाचा कागद तुझ्यासमोर आला आणि तू वाचला नाहीस? मग दिवसभर तिथं करता काय तुम्ही सगळे?"

शेवटच्या दिवशी तिने चार पानी अर्ज लिहिला. आई, मामी, दोन खोल्या, सहा वर्षे, काहीही हातचे न राखता लिहिले आणि सर्वांना पाठवला. एका सेकंदात खुणा पडल्या. कार्यालयाने नंतर अधिक पारदर्शकतेसाठी त्याची प्रत सर्व नागरिकांनाही पाठवली. तुम्हालाही आली होती. नंतर सावकाश वाचू म्हणून तुम्ही ती ठेवून दिलीत. आता आठवत नसेल तरी जिवाला लावून घेऊ नका. तुमच्या नावापुढे हिरवी खूण पडलेली आहे.