श्यामलाबाईंचे यंत्र मागल्या आवृत्तीस आणिले ती मोहीम

श्री. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, माघ मास. तिथी ज्यास हवी त्याने पंचांगात पाहावी. वार मात्र गुरुवार, कारण कसबे पेठेत दुरुस्तीस्तव वीज बंद होती. ते दिवशी शनिवार पेठेत जो अनर्थ जाहला आणि मग कसब्यात जो रणसंग्राम जाहला, त्याचा मजकूर ऐकिला तैसा लिहितो. पदरचे घातले असेल ते प्रसंगास शोभेल इतकेच.

शनिवार पेठेचे राजश्री दिगंबरपंत सरकारी दप्तरात अडतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त जाहले. लौकिक ऐसा की मेजावर एक कागद प्रलंबित राहिला नाही. निरोपसमारंभी साहेबांनी हेच वाक्य तीन वेळा बोलून भाषण संपविले. त्यांचे कुटुंब श्यामलाबाई, धायरीचे शाळेत मास्तरीण होत्या. चिरंजीव परमुलखी जाता हातात मावेल ऐसे खेळाचे यंत्र घरी टाकून गेले, ते बाईंनी काबीज केले. यंत्र कंपनी बहादुराचे, परंतु कसब्याचे कारागीर रंगनाथ यांनी त्याची आतली प्रणाली फिरवून त्यात परके खेळ चालावेत ऐसा बंदोबस्त करून दिल्हा होता. त्यातील विटा रचावयाच्या खेळात बाईंनी नऊ लक्ष चौऱ्याऐंशी हजार गुणांचा गड सर केला, आणि हे वर्तमान धायरीच्या जुन्या मैत्रीण सरूबाई यांस फोनावर कळविले. सरूबाईंचे घरी तेच यंत्र आणि तोच खेळ, सबब विश्वास बसेना. उत्तर आले, "मास्तरीणबाई, म्या डोळ्यानं बघितल्याबिगर मानत न्हाय. गुरवारी पाचला येतीया."

मग गुरुवारी सकाळी बाई भाजीस गेल्या आणि पंतांनी धूळ पुसावयास यंत्र हाती घेतले. पडद्यावर खलिता झळकला: नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यावी की नंतर? चौकशी करिता खलित्याची तारीख अकरा वर्षांमागील निघाली. अकरा वर्षे! आपल्याच छपराखाली एक कागद अकरा वर्षे पडून! पंतांचे मस्तक फिरले आणि त्यांनी 'होय' दाबून प्रकरण निकाली काढिले आणि समाधानाने चहा घेतला. तिकडे कंपनीची नवी प्रणाली गादीवर बसली, तिने रंगनाथांची सारी व्यवस्था पुसून टाकिली, आणि विटांच्या खेळावर कंपनीचा शिक्का नाही म्हणोन त्यास दरवाजा बंद केला.

बाई परतल्या, यंत्र पाहिले, आणि हुकूम सुटला की पाचाच्या आत गुण दिसले पाहिजेत. पुढे आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, जन्मभर जगाची प्रकरणं निकालात काढलीत, मी काही बोलले नाही. हे एक माझं होतं." पंतांस खरोखर वाईट वाटले. ते यंत्र पिशवीत घालून, टोपी चढवून, न जेवता निघाले.

कसब्यात दाखल जाहले तो एकास दोन मिनिटे कमी, आणि रंगनाथ शटर ओढीत होते. पंतांनी सारी हकिकत अर्ज केली. रंगनाथ म्हणाले, "अकरा वर्षं थांबलं होतं ना ते? मग तीन तास थांबेल. चारला या." पंत पायरीवर मुक्काम ठोकून बसले.

चार वाजता मसलत बसली. रंगनाथांनी निवेदन केले की यंत्राच्या वेशीवर पहारेकरी असतो. येणाऱ्या प्रणालीचा अंक गादीवरच्याहून चढता असेल तर तो मुजरा करितो, उतरता असेल तर हाकलून लावितो. पूर्वी गादीवरच्याचाच अंक खोटा लहान लिहून त्यास फसवीत, परंतु नव्या आवृत्तीने तो चोरदरवाजा बुजविला. आता मार्ग बॅटरीचा. बॅटरीच्या पोटी एक क्रमांक असतो. तो खोडून कंपनीच्या दुरुस्तीखात्याचा क्रमांक घातला, की यंत्रास वाटते खासा अंमलदार आला, आणि मग ते गादीवरच्यास न विचारिता कार्डावरची आज्ञा आधी वाचिते. ऐशी एक बॅटरी आणि जुनी प्रणाली भरलेले एक कार्ड रंगनाथांच्या खणात तयार होते. बाईंचे गुण निराळ्या कार्डावर, ते काढून पंतांच्या खिशात दिल्हे. मात्र बॅटरी कधी भरिली होती ते आठवेना, आणि वीज तर नव्हतीच.

"अर्ध्यात संपली तर?" पंतांनी पुसिले.

"तर यंत्राची वीट झाली समजा. दाराला लावा. वाऱ्यानं आपटतं ना?"

मग बॅटरी बसविताच यंत्र बटण न दाबिता आपोआप जागे जाहले, आणि रंगनाथ म्हणाले, "यंत्र फसलं बघा." नवी प्रणाली पुसली गेली आणि जुनी ओळीओळीने लिहिली जाऊ लागली, आणि साठ टक्क्यांवर तांबडा दिवा लुकलुकू लागला. ज्या पंतांनी जन्मभर प्रत्येक कामाची घाई केली, त्यांनी डोळे मिटून, उशीर लागो पण पुरे होवो, ऐसे कसबा गणपतीस विनविले. नव्वदावर पडदा मंदावला, शंभरावर विझला. मग साधी बॅटरी घालिता जुनी प्रणाली उजळली, आणि रंगनाथांनी तीवर आपली व्यवस्था पुन्हा बसविली, आणि गुणांचे कार्ड आत गेले, आणि नऊ लक्ष चौऱ्याऐंशी हजार जैसेच्या तैसे दिसले. रंगनाथांनी बजाविले की खलिता पुन्हा येईल. 'नंतर' दाबायचं, दर वेळेला.

पाचास सरूबाई आल्या, चष्मा लावून आकडे एकेक करून मोजिले, आणि म्हणाल्या, "खरंच हाय की गं! आता मला बी शिकीव." श्यामलाबाईंचे मुख जे खुलले, तैसे पंतांनी बहुत वर्षांत पाहिले नव्हते. मग यंत्र खणात ठेवावयास पंतांकडे दिल्हे, तो पडद्यावर तोच खलिता. अंगठा सवयीने 'होय'कडे निघाला. दोघी बायका पडद्याकडे वाकल्या. पंतांनी तो मागे फिरवून 'नंतर' दाबिले. श्यामलाबाईंनी दुसरा चहा पुढे सरकविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, यंत्र पूर्वपदी रुजू जाहले, धायरीशी तह कायम राहिला. दिगंबरपंतांचे दप्तरी आजमितीस प्रलंबित प्रकरणे: एक.