मरणात पहिलं, नोकऱ्यांत पहिलं

"मुंगीचा नेमका कोणता पाय दुखतोय हे तिच्या चालीवरून सांगणारा, पापणी न लववता तासन्‌तास भिंतीकडे बघू शकणारा, आजवर एकाही गुन्हेगाराच्या हाती न लागलेला खासगी गुप्तहेर, बहिरी ससाणा."

एवढा मजकूर त्यांनी आपल्या कार्डावर छापून घेतला होता, त्यामुळे पत्त्याला जागा उरली नव्हती. ओळखीची माणसं त्यांना नुसतंच 'बहिरी' म्हणत, कारण ते कुणाचंच ऐकत नसत.

दाजी हे त्यांच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान आणि त्यांचे बिनपगारी मदतनीस. गिरणी बंद पडल्यापासून दाजी घरीच होते. रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग कुठं जायचं ते न सुचून खुर्चीत बसायचे. अशा माणसाला कुणीही कामाला लावतं.

अखेर दाजींना नोकरीचं बोलावणं आलं. डोंगरापलीकडच्या गावात एका मोठ्या लॉन्ड्रीला मुकादम हवा होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर ते दुसरा माणूस घेणार. ताईनं बॅग भरायला घेतली आणि तेवढ्यात बहिरी पेपर फडकावत आत आले.

"राज्याची आकडेवारी आलीय. कोण कशानं मेलं आणि कुठं किती जणांना काम मिळालं. माणसांच्या मानानं सगळ्यात जास्त मरणं कुठं? तुमच्या त्या गावात. आणि सगळ्यात जास्त नोकरभरती? त्याच गावात. आता सांगा दाजी, जागा रिकाम्या होतायत कशा?"

दाजींच्या हातातला पायमोजा हातातच राहिला.

"हृदयविकारात पहिलं. मूत्रपिंडात पहिलं. भाजण्यात, गाडीखाली येण्यात, साप चावण्यात, सगळ्यात तेच. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. ही टोळी आहे, आणि टोळीकडे साप आहेत."

"दादा, तू जरा गप्प बस," ताई म्हणाली. पण बॅगेची चेन काही तिनं लावली नाही.

शेवटी ठरलं की तिघांनी जायचं, बहिरींनी छडा लावायचा, आणि गाव निर्धोक निघालं तरच दाजींनी हजर व्हायचं.

शुक्रवारी दुपारी ते बसमधून उतरले. समोरच सात मजली इमारत होती आणि तिच्या दारावर हातभर अक्षरांत 'रुग्णालय' लिहिलेलं होतं.

"हॉस्पिटल आहे वाटतं," दाजी म्हणाले.

"तसं लिहिलंय," बहिरी म्हणाले. "म्हणजे ते नक्कीच नाही. गुन्हेगार दारावर 'गुन्हेगार' लिहून बसतात का?"

"आपण कुणाला तरी विचारू या."

"विचारणं हे सामान्य माणसाचं काम, दाजी. आपण निरीक्षण करायचं."

ताई सामान्य असल्यामुळे जवळच्या बाकावर जाऊन बसली. बहिरींनी निरीक्षण सुरू केलं. आत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. विष फळांतून जातं, हे त्यांच्या ताबडतोब लक्षात आलं. पुरावा म्हणून त्यांनी अर्धा किलो सफरचंदं घेतली आणि तपासता तपासता संपवली. काहीच झालं नाही, तेव्हा ते विष सावकाश भिनणारं ठरलं. मग त्यांची नजर चादरींचे गठ्ठे लादलेल्या एका हातगाडीवर गेली.

"एवढ्या चादरी, दाजी. माणसं झाकायला. आता मी थेट त्यांच्या अड्ड्यात शिरतो."

गाडीवाला सही करायला आत गेला होता. बहिरींनी इकडंतिकडं पाहिलं आणि गठ्ठ्यांत सूर मारला. गाडीवाला आला, वजन एकदम वाढलेलं बघून सरकारला दोन शिव्या घातल्या आणि गाडी ढकलत निघून गेला.

दाजी एकटेच उरले. उन्हं उतरली होती. नोकरी गेली, आता मेहुणेही गेले, आणि आकडा आणखी एकानं वाढणार, असा हिशेब त्यांनी बोटांवर मांडला.

तेवढ्यात ताई आली. "चला, उशीर होतोय. लॉन्ड्री मागच्याच गल्लीत आहे."

"अगं, पण ती मरणं?"

"ते हॉस्पिटल आहे ना. राज्यातलं सगळ्यात मोठं. माझ्या शेजारी बसलेल्या बाई लांबून आल्यात. त्यांचे सासरे इथंच गेले, दाखलाही इथलाच मिळाला. कुठल्या कुठल्या गावची माणसं अवघड दुखणी घेऊन येतात. बरीच बरी होऊन जातात, काही नाही होत, आणि त्यांची गणती या गावात. एवढ्या लोकांचं रांधायचं, धुवायचं, म्हणून नोकऱ्या. इथल्यांना तर मरायला सवडच नाही, सगळे कामावर."

"तुला कसं कळलं हे?"

"विचारलं."

लॉन्ड्रीच्या मालकीणबाई दार लावायच्या बेतातच होत्या. त्यांनी दाजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं, इस्त्रीच्या शर्टावर त्यांची नजर थांबली आणि त्या म्हणाल्या, "या. आताच गाडी आलीय. उतरवून घ्या."

पहिला गठ्ठा सोडताच आतून शिंक आली. दोघं कामगार मागे सरकले.

"हे काय आलंय?" मालकीणबाईंनी नव्या मुकादमाला विचारलं.

"आमचे मेहुणे आहेत," दाजी म्हणाले. "सावकाश उतरवा."

बहिरींनी चादरीतून डोकं बाहेर काढलं. समोर हुकूम सोडत दाजी उभे होते. बहिरींचे डोळे बारीक झाले.

"वा, दाजी. म्हणजे सूत्रधार घरातच होता. बाई, यांच्या आधीचा मुकादम कुठं आहे?"

"तो वर गेला," मालकीणबाई म्हणाल्या.

"ऐकलंत?"

"वरच्या मजल्यावर. हिशेबनीस झाला."

"असं तुम्हाला सांगितलं गेलंय," बहिरी म्हणाले.

दाजींनी बाह्या सरसावल्या. "मळक्या चादरी डावीकडे घ्या. मेहुण्यांना उजवीकडे."

कामगारांनी निमूटपणे तसं केलं. गिरणी बंद पडल्यापासून दाजींनी सांगितलेलं कुणी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग, केवळ बरं वाटतं म्हणून, त्यांनी मेहुण्यांना पुन्हा डावीकडे घ्यायला सांगितलं.