पाच रिव्हर्स, एक फॉरवर्ड

ट्रकच्या मागल्या एक्सलचा गियर घरच्या घरी बदलायचा, ह्यात अवघड काय न्हाई. नट सोडायचं, जुनं काढायचं, नवं घालायचं, नट आवळायचं. एवढ्यासाठी सांगलीला गाडी न्यायची म्हंजे शिंक आली म्हनून दवाखान्यात खाट आडवायची! हे मी रविवारी सकाळी चावडीफुडं धा-बारा मानसांत बोललो. तिथंच चुकलं. मनातल्या मनात बोललो असतो तर मागं फिरायला जागा ऱ्हायली असती.

आमचं गाव उंब्रजपासनं थोडं आत. गावात मला मेजर म्हनत्यात. आमच्याकडं फौजेतनं जो रिटायर हुतो त्यो मेजर, मग त्यानं तिकडं सतरा वर्सं कांदं का चिरलं असनात. मी मातर कांदं चिरलं न्हाईत. मी गाड्यांच्या वर्कशॉपात व्हतो. त्यामुळं मशिनीतलं मला समदं कळतंय अशी गावाची समजूत, आन् गावाची समजूत मोडायचा माझा सभाव न्हाई.

तर माझा ऊस वाहायचा ट्रक. हंगाम सुरू झाला आन् मागल्या दोन चाकांच्या मधनं रडायला लागला. आदी मांजरावानी, मग दोन मांजरांवानी, आन् शनवारी तर चढाला असा बोंबलला की रस्त्याकडंच्या हाटेलातली मानसं चहा सोडून भाईर आली. सांगलीजवळच्या माधवनगरच्या नाथाजी मिस्त्रीनं वाकून बघितलं आन् सांगितलं, आतल्या क्राऊन-पिनियनचं दात गेल्यात. इंजनाची ताकद चाकांना पोचवनारी ती दोन दातेरी चाकं. पन त्याच्या दारात आठ गाड्या उभ्या व्हत्या. म्हनला, फुडल्या सोमवारी आन.

फुडला सोमवार! आन् माझी ऊसतोडीची चिठ्ठी बुधवारची! बुधवारी टोळी फडात येनार, सांजच्या पाचाच्या आत ऊस कारखान्यात पायजे. गाडी न्हाई म्हनलं की टोळी फुडच्या नंबराला. माझी पाळी परत यायला तीन आठवडं, तवर उसाला आलेलं तुरं बघत बसायचं. आन् फुडचा नंबर कुनाचा? नानासोचा! ह्यो माझा चुलतभाऊ. हातभर बांधावरनं अकरा वर्सं माझ्यासंगं सरळ बोलला न्हाई, नुसता हसतो.

मला बसवंना, उभं ऱ्हावंना. घरातनं अंगनात, अंगनातनं घरात. संयोगिता, म्हंजे आमची मालकीन, भाकरी थापत व्हती. सातव्या फेरीला तिनं मान वर केली.

"आवं, तुमी वर्कशॉपात काय करत व्हता ते मला म्हाईत हाय. पाने द्यायचं आन् सांजच्याला मोजून परत घ्यायचं."

"मग? पाना वळखायला नको व्हय?"

"वळखता की. लावला कवा?"

मी आठव्या फेरीला लागलो.

पन नशिबानं नाथाजीकडं तसलाच एक गोळा, म्हंजे क्राऊन-पिनियन आत बसवलेलं आख्खं लोखंडी घर, तयार जुळवून पडलेला व्हता. आख्खाच बदलायचा, आत हात घालायचा न्हाई. त्यो टेंपोत घालून देताना त्यानं त्याच्यावर खडूनं मोठी फुली मारली आन् दोनदा सांगितलं, ही बाजू वर. मी दोनदा व्हय म्हनलं.

सोमवारी जॅक लावला, चाकं काढली, तेल सोडलं. तेल घमेल्यात पडायच्या ऐवजी माझ्या बनियनमधी शिरलं. दुपारी दोन्ही बाजूचं एक्सल वढलं आन् जुना गोळा धडाक्यानं भाईर आला, माझ्या पायापासनं चार बोटांवर. नानासो बांधावर उभा ऱ्हाऊन समदं बघत व्हता. इचारलं त्यानं एवढंच, की टोळीच्या मुकादमाला आत्ताच नानासोच्या फडाचा रस्ता दाखवून ठेवायचा का. मग हसला.

मंगळवारी सकाळी तालमीतलं तीन पैलवान बोलावून आनलं, कारन नवा गोळा म्हंजे दोन पोती सिमेंट. अंगनात येऊन बघतो तर गोळा वळखू येईना! माझ्या आईनं, म्हंजे बनुबाईनं, पाटंला उठून त्याला चिंच लावून, राख लावून देव्हाऱ्यातल्या तांब्यागत घासला व्हता. खंडेनवमीला घरातल्या कोयत्यापासनं पंपापतुर समद्याची पूजा करनारी बाई ती. नवं लोखंड बिनपूजेचं गाडीत जानार, हे तिला सोसंना. पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, वर फूल, बाजूला फोडलेला नारळ.

"आई, फुली कुठं हाय?"

"कसली फुली? खडूचा डाग व्हता, त्यो म्या पुसला."

आता गोळ्याला वर-खाली कसं वळखायचं? गोल वस्तू! भोकं चौफेर सारखी! मी एकदा ह्या अंगानं बघितलं, एकदा त्या अंगानं. पैलवान उचलून धरलेलं, त्यांच्या मानंच्या शिरा दोरखंडागत फुगल्या, आन् तिघंबी एकदम इचाराय लागलं, मेजर, कुठली बाजू वर? मी तोंड उघडायच्या आत आई म्हनली,

"इचारायचं काय त्यात? कुंकवाची वर. पुजल्यालं तोंड चिखलात घालतोस व्हय रं?"

इतकं पटलं मला! सतरा वर्सांच्या फौजेत मला इतका स्वच्छ हुकूम कुनी दिला नव्हता. घातला गोळा कुंकू वर करून. भोकात नट असं बसलं, असं बसलं, की मला स्वताचा अभिमान वाटला.

बुधवारी सकाळी सातला टोळी फडात उतरली. मी गाडी चालू केली. आवाज न्हाई, रडनं न्हाई. संयोगितानं दारात उभं ऱ्हाऊन एकदा माझ्याकडं कौतुकानं बघितलं. लगीन झाल्यापासनं तिसऱ्यांदा. मी पैला गियर टाकला, क्लच सोडला, आन् ट्रक मागल्या मागं जाऊन उकिरड्यात घुसला.

म्हनलं गियर चुकून पडला. परत पैला टाकला. आनखी दोन हात उकिरड्यात! मग रिव्हर्स टाकून बघितला, तर गाडी डौलात फुडं निघाली, आन् मागचा रिव्हर्सचा भोंगा टीवटीव वाजाय लागला.

नाथाजीला फोन लावला. झालं ते समदं सांगितलं.

"मेजर," त्यो म्हनला, "उलटा बसवलाईस. आता तुझ्या गाडीला पाच रिव्हर्स आन् एक फॉरवर्ड."

"चालंल का?"

"चालंल. पन कुठं, ते बघ."

परत खोलायचं तर दिवस जानार, आन् पैलवान सकाळीच जत्रंच्या कुस्त्यांना गेलेलं. तिकडं कोयतं चालू. मी ठरवलं, जायचं! फडापतुर एकुलत्या फॉरवर्डनं गेलो. मानूस पायी बरा, इतका हळू, आन् भोंगा अखंड चालू. वाटंतली मानसं भोंगा ऐकून गाडीच्या मागनं पळायची आन् घाबरून नेमकी फुडं येऊन उभी ऱ्हायची. मी खिडकीतनं वरडतोय, सरका, मी फुडं येतोय! त्यास्नी पटंना.

दुपारी तीनला गाडी भरली. कारखाना चौदा किलोमीटर. मुंगीच्या चालीनं गेलो असतो तर नंबर गेलाच म्हना. नानासो त्याची दुसऱ्या रानातली गाडी भरून कवाच गेला व्हता आन् जाताना हसून गेला व्हता.

फडात भाकरी घेऊन आलेल्या संयोगितानं पदर खोचला. उसावर चढली आन् मागल्या टोकाला, म्हंजे आता फुडच्या टोकाला, मांडी घालून बसली.

"फिरवा गाडी. पाच गियर हाईत न्हवं? उलटंच जाऊया. मी सांगते तसं वळवा."

बायकूचं ऐकून गाडी चालवायची सवय मला व्हतीच, फकस्त आजवर ती शेजारी बसायची. हमरस्ता सोडून पाटाकडंच्या रस्त्यानं निघालो. मला आरशात ऊस सोडून काय दिसंना. वरनं हुकूम यायचं, डावं, अजून डावं, तुमचं न्हवं माझं डावं, म्हस हाय थांबा, म्हस गेली चला. तिसऱ्या गियरला आमी एका फटफटीवाल्याच्या फुडं गेलो. त्याचं अन् माझं तोंड समोरासमोर, दोघंबी एकाच दिशेला. बिचाऱ्यानं गाडी थांबवून तोंडावर पानी मारलं.

पावनेपाचला कारखाना. पाटाचा रस्ता पोचतो मागल्या दाराला, जिथनं मोकळ्या गाड्या भाईर पडत्यात. भरलेल्या गाड्यांची रांग फुडच्या दाराला, दीड किलोमीटर. आता वळायला जागा न्हाई. मी तशीच शेपटी आत घातली आन् घाम पुसतोय, तवर दारावरचा शिपाई चहा पिऊन परत आला. त्यानं बघितलं, उसानं गच्च भरलेला ट्रक, तोंड भाईर, दारात उभा! शिट्टी दातात धरून धावतच आला.

"कारखान्याचा ऊस घेऊन कुठं चाललाईस रं? घे मागं! आत घे!"

"घेतो," मी म्हनलं.

"अजून मागं! काट्यावर लाव, बघतोच तुला!"

वजनकाट्यावर चिठ्ठी बघितली, तारीख बरोबर, येळ बरोबर. शिपाई चोर सापडत न्हाई म्हनून डोकं खाजवत बसला, आन् त्या गडबडीत माझा ऊस पाचाला पाच कमी असताना गव्हानीत, म्हंजे गाळपाला जानाऱ्या पट्ट्यावर, पडला! फुडच्या रांगेत सदतिसाव्या नंबरला नानासो उभा व्हता. रांगेजवळनं घरला निघालेली माझी मोकळी गाडी त्यानं बघितली आन् पैल्यांदाच त्याचं हसू कुटं गेलं ते कळंना.

दुसऱ्या दिवशी, बिस्तरवारी, सकाळी दारात हारन वाजला. बघतो तर नानासोचा ट्रक, त्याच्या मागं आनखी दोन. नानासो खाली उतरला, टोपी नीट केली, आन् अकरा वर्सांत पैल्यांदा सरळ बोलला.

"मेजर, रांग चुकवायची कळ तुला घावली हाय म्हनं. आमच्या गाड्यांलाबी तसंच बसवून दे. आमी भावकीच की."

मी घसा खाकरला, गाडीखाली वाकून गंभीरपनं बघितलं, हूं म्हनलं. देनार हाय बसवून. उलटं कसं बसवायचं ते आता मला पक्कं जमतंय. माझीच गाडी सरळ कवा हुनार, तेवढं कुनी इचारू नका.